मागाच्या भिंतीला लागून अभ्यास: कोणतं वाद्यसंगीत टिकलं, कोणतं नाही

अभ्यासासाठी वाद्यसंगीत निवडताना वाद्य कोणतं आणि राग कोणता हे नंतर बघा. आधी त्यात ठेका आहे की नाही ते बघा, असं माझं ठाम मत झालं आहे. शांत सोसायटीत राहणाऱ्याला हे इतकं पटणार नाही. आमचं घर सोलापुरात साखर पेठेच्या बाजूला आहे आणि माझ्या खोलीची मागची भिंत यंत्रमागाच्या कारखान्याला लागून आहे. पलीकडे टॉवेल विणतात. सकाळची पाळी सुरू झाली की भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा बारीक थरथरतं. ज्यांच्या घराशेजारी माग नाही, पण रस्ता, गिरणी, वर्कशॉप किंवा बांधकाम आहे, त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल असं वाटतं.

मी सीए इंटरचा, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याचा, अभ्यास करते. सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. नव्या पद्धतीत परीक्षा जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते, म्हणजे मागाचा आवाज, मे महिन्याचं ऊन आणि जानेवारीतला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, या तिन्ही ऋतूंत पुस्तक उघडं असतं. या सगळ्यात कानाला काय लावलं तर डोकं जागेवर राहतं, ते मी पेपरागणिक बघत आले. माझा धाकटा भाऊ बारावीत आहे, त्याचा अनुभव माझ्या उलट आहे. तोही मध्ये मध्ये येईल.

आधी मागाचा आवाज समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढची निवड कळणार नाही. साध्या मागात धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा ठोकळा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अक्षरशः मारून फेकला जातो आणि प्रत्येक टोकाला जाऊन आदळतो. खटखट येते ती तिथून. ती पंख्यासारखी सलग घरघर नसते, ठोक्याठोक्यांची असते. शिवाय एका शेडमध्ये बरेच माग, आणि प्रत्येकाचा ठोका दुसऱ्यापेक्षा किंचित पुढे-मागे. धोट्यातली सुताची कांडी संपली की एक माग थांबतो, मग सुरू होतो. लाइट गेली की सगळंच एकदम थांबतं, आणि खरं सांगायचं तर अभ्यास सगळ्यात जास्त त्या क्षणी मोडतो. सततच्या आवाजाला कान सरावतो, तो बदलला की दचकतो.

आता या ठोक्यांवर तबल्याचा किंवा ड्रमचा ठेका ठेवा. कानाला दोन लयी ऐकू यायला लागतात आणि तो त्या जुळवायला बघतो. मी लहानपणी आत्याकडे थोडं गाणं शिकले, त्यामुळे मला हे जास्तच जाणवतं. तीनताल कानावर पडला की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधी येते याची वाट मन बघतच राहतं, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडचा माग भलत्याच मात्रेवर पडत असतो. कंपनी कायद्याचं कलम वाचताना अशी मात्रामोजणी मागे चालू असली तर कलम डोक्यात शिरत नाही.

भावाचं लो-फाय याच कारणाने माझ्या यादीतून गेलं. संगीत म्हणून ते वाईट नाही. मऊ पियानो, दबलेला ड्रम, जुन्या तबकडीसारखी बारीक करकर, साधारण मिनिटाला सत्तर ते नव्वद ठोक्यांची संथ चाल, आणि तीच छोटी धून पुन्हा पुन्हा. त्यात काहीच घडत नाही. अभ्यासाच्या दृष्टीने तोच त्याचा मोठा गुण. वही घेऊन बसलेल्या मुलीचं चित्र असलेला तो लो-फाय गर्ल चॅनल जगभरची पोरं तासन्‌तास लावून ठेवतात, त्यामागे कारण आहे. भाऊ अभ्यासिकेत बसतो, तिथे माग नाहीत, पंखे आहेत. फिजिक्सची बहुपर्यायी गणितं तो त्यावर धडाधड सोडवतो. "ताई, तू घरात बसून ऐकतेस म्हणून तुला आवडत नाही," असं तो म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. शांत जागा असेल आणि गणितं किंवा सरावाचे प्रश्न सोडवायचे असतील तर लो-फाय घ्या. मागाशेजारी बसणाऱ्याने घेऊ नये.

दुसरी गोष्ट, जी आमच्या घरात सगळ्यांना आवडते आणि अभ्यासाला अजिबात चालत नाही: ओळखीच्या गाण्यांच्या वाद्यावर वाजवलेल्या चाली. पुष्कळांना वाटतं की शब्द नाहीत, मग झालं की वाद्यसंगीत. पण शब्द तबकडीत नसले तरी आपल्या डोक्यात असतात. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन ऐका. त्यांच्या वादनाला लोक 'गाणारं व्हायोलिन' म्हणत आले ते उगाच नाही. भावगीताचा एकेक शब्द, त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ, श्वासाची जागा, सगळं गजातून ऐकू येतं. ती अफाट कला आहे आणि ती बसून, काम बाजूला ठेवून ऐकायची आहे. ऑडिटच्या धड्याखाली ती लावली की मी मनात गायला लागते. पियरे सलामे आणि ॲलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की क्रमाने आकडे लक्षात ठेवताना गायन चालू असेल तर वाद्यसंगीतापेक्षा जास्त चुका होतात. वाचताना आपण मनात शब्द उच्चारतो आणि बाहेरून आलेला शब्द त्याच वाटेने आत घुसतो. मनातून आलेल्या गाण्याचंही तसंच होत असावं, असं मला माझ्यापुरतं वाटतं. बासरीवरची किंवा गिटारवरची सिनेमातली गाणी, लग्नात वाजते ती सनई, हे सगळं या एका कारणाने बाजूला ठेवावं. सनईचं तर आणखी एक: ती लागली की घरातलं प्रत्येक माणूस खोलीत डोकावून जातं.

मोझार्ट ऐकलं की हुशारी वाढते, हे आमच्या क्लासमध्येही कुणीतरी सांगतंच. १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला मूळ प्रयोग छोटा होता, कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवरचा. त्यांना दोन पियानोंसाठीचा सोनाटा आधी दहा मिनिटं ऐकवला होता आणि नंतर कागद दुमडण्या-कापण्यासारखे आकृत्यांचे प्रश्न दिले होते. फरक दहा-पंधरा मिनिटं टिकला. अभ्यास चालू असताना ते मागे लावण्याशी त्याचा संबंध नाही. मोझार्ट सुंदर आहे, पण त्यात हळू-मोठं इतकं होत राहतं की हळू भाग माग खाऊन टाकतो आणि मोठा भाग अंगावर येतो.

आता जे चाललं त्याकडे येते. कॉस्टिंग आणि अकाउंट्सची लांबलचक गणितं सोडवताना मला 'कॉल ऑफ द व्हॅली' आवडतं. १९६७ सालचं हे ध्वनिमुद्रण, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस अशी त्याची मांडणी आहे: अहिरभैरव, नटभैरव, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. यात तबला आहे, मग माझा नियम कुठे गेला? गणितं सोडवताना हात चालू असतो, मनात वाक्यं नसतात, म्हणून ठेका तितका आड येत नाही. शिवाय संतूरचा आवाज टोकदार, काठीने तारेवर पडणारा, तो मागाच्या खटखटीतूनही स्वच्छ वर येतो. मूळ तबकडी पाऊण तासाच्या आत संपते आणि हेही सोयीचं आहे. अहिरभैरवाला प्रश्न हातात घेतला की पहाडीपर्यंत ताळेबंद जुळायला हवा, मग उठून पाणी प्यायचं. राग बदलतो तेव्हा लक्ष क्षणभर जातं, म्हणून थिअरीला मी हे कधीच लावत नाही. आणि ज्यांना हे फार आवडतं त्यांनी तर अभ्यासाला लावूच नये. एवढं चांगलं संगीत अर्धवट ऐकून बोथट करायचं नाही, असं आत्या म्हणते, आणि मलाही ते पटतं. म्हणून हे मी आठवड्यातून मोजक्या वेळाच बाहेर काढते.

लांब आलापांचं वादन हा यापेक्षा जास्त उपयोगी प्रकार. आपल्या वादनाची रचनाच अशी आहे की सुरुवातीला आलाप, त्यात तबला नाही, ठोका नाही. मग जोड नावाच्या भागात एक स्पंदन येतं, मग 'झाला' हा जलद भाग, मग गत, म्हणजे तालात बांधलेली रचना, आणि तबला. म्हणजे एकाच ध्वनिमुद्रणात अभ्यासाला योग्य आणि अयोग्य दोन्ही भाग असतात. निखिल बॅनर्जींची सतार लावा आणि जोड सुरू झाला की परत पहिल्यापासून लावा, किंवा पुढच्या आलापावर जा. झाल्याच्या वेगात पेनही धावायला लागतं आणि बेरजा परत तपासाव्या लागतात. पन्नालाल घोषांची बासरी याहून मऊ. बासरी लांब आणि जाड करून तिला शास्त्रीय मैफलीत बसवलं ते त्यांनी, म्हणून तिचा स्वर खालचा आणि भरीव आहे, कानात टोचत नाही. त्यांचा यमन संध्याकाळी, दिवे लागल्यावर, उजळणीला फार चांगला. त्यांची ध्वनिमुद्रणं १९६० च्या आधीची, त्यामुळे मागे थोडी खरखर आहे, पण आमच्याकडे ती मागात विरून जाते.

सारंगी नको. ती माणसाच्या गळ्याच्या इतकी जवळ जाते की कुणीतरी खोलीत येऊन दुःख सांगतंय असं वाटतं, आणि मग पुस्तक मिटतंच.

रुद्रवीणेबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण ती फार कमी जण लावून बघतात. रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांचे आलाप इतके संथ आणि खोल आहेत की एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जायला ते घाई म्हणून करत नाहीत. त्यात वाट बघण्यासारखी सम नाही, ओळखीची चाल नाही, चमक दाखवणं नाही. करकायद्याचा एखादा अवघड भाग, जिथे एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, तिथे मला यासारखं दुसरं संगीत मिळालेलं नाही. अडचण एकच: खर्जातला, अगदी खालच्या स्वरांतला, तो बारीक नाद माग चालू असताना ऐकूच येत नाही, आणि ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला तर कानाला त्रास. म्हणून रुद्रवीणा सुटीच्या दिवशी, कारखाना बंद असताना. त्या दिवशी आमची गल्ली अशी शांत असते की खरोखर वीणाच लावावी.

परदेशी संगीतात ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांचं १९७८ चं 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' हे खास मागे चालू ठेवण्यासाठीच केलेलं आहे. वेगवेगळ्या लांबीच्या टेपचे तुकडे गोल फिरत ठेवायचे, म्हणजे त्यांची गाठ दर वेळी निराळ्या ठिकाणी पडते, अशी त्यातल्या काही भागांची युक्ती. ठेका नाही, कुठे पोहोचायचं नाही. दोन भागांत माणसांचे आवाज आहेत, पण शब्द नाहीत, त्यामुळे चालतं. माझ्या भावालाही हे पटलं, आमचं दोघांचं जमलं ते एवढ्या एकावरच. स्वरांमध्ये मोकळी जागा फार असते, तेवढ्या जागेत माग ऐकू येतो, हे त्याचं उणं.

आणि ती मोकळी जागा भरते तंबोऱ्याने. सगळं ऐकून झाल्यावर माझ्या टेबलावर रोज जे टिकलं आहे ते हेच: नुसता तंबोरा, त्यावर काहीही नाही. हे संगीत आहे का, असं कुणी विचारेल. मी म्हणेन, अभ्यासाला लागतं तेवढं नक्की आहे. चार तारा: पहिली पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खर्जाची. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवून जवारी लावतात. त्या धाग्यामुळे तार घोडीच्या पृष्ठभागाला हलकी घासत राहते आणि मूळ स्वराबरोबर वरचे कितीतरी स्वर उमटतात. नीट लागलेल्या तंबोऱ्यात कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एका तारेचा नाद विरायच्या आत दुसरी छेडली जाते, म्हणून मध्ये रिकामी जागा राहत नाही. मागाच्या दोन ठोक्यांमधली शांतता यानं भरून निघते आणि ठोका दचकवण्याइतका वेगळा उरत नाही. भरतकाम केलेल्या कापडावर डाग जसा पटकन दिसत नाही, तसं काहीसं होतं. लाइट गेली आणि माग थांबले तरी फोनवरचा तंबोरा चालूच असतो, त्यामुळे ती अचानक पोकळीही जाणवत नाही.

तंबोऱ्याचं गाव मिरज, तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याला लागणारे मोठे भोपळे आपल्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला पिकतात, हे इथल्याही अनेकांना माहीत नसतं. मला मात्र त्याचा आनंद वाटतो.

खरा तंबोरा छेडत अभ्यास होत नाही, म्हणून दोन पर्याय. एक, फोनवरचं ॲप. आयफोनवर आयतबला प्रो आहे, अँड्रॉइडवर तानपुरा ड्रॉइड. दुसरा, इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी. गाणं शिकणाऱ्या घरांत ती असतेच. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास अशा पेट्या करायला सुरुवात केली आणि रियाझाची पद्धतच बदलली. मला आत्याने तिची जुनी पेटी दिली. आवाजात ॲप सरस, त्यात खऱ्या तंबोऱ्याची मुद्रणं असतात. अभ्यासाला मात्र पेटी सरस, कारण तिच्यावर मेसेज येत नाही, रील दिसत नाही, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. मी दिवसा पेटी लावते आणि लाइट जाणार असं वाटलं की ॲप. फुकटची प्लेलिस्ट लावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की आलाप रंगात असताना मध्येच साबणाची जाहिरात किंचाळते. जे लावाल ते आधी उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका.

पट्टी, म्हणजे षड्ज कोणत्या उंचीवर धरायचा, तर गाण्याची आपली पट्टी विसरा. बायकांची काळी चार-पाच (पेटीच्या पट्ट्यांवरून ही नावं) अभ्यासाला फार उंच पडते, तासाभरात कानशिलं तापतात. मी पांढरी एक किंवा काळी एक ठेवते. लय मध्यम. अगदी संथ ठेवली तर तारांमध्ये फटी पडतात आणि त्यातून माग डोकावतो. फार जलद केली तर तंबोऱ्यालाच ठेका येतो, आणि मग परत तेच. पहिली तार पंचमावर असली की चांगलं. निषादावर लावलेला तंबोरा गाण्याला सुंदर वाटतो, पण त्यात एक ओढ आहे, पुढे काहीतरी येणार अशी, आणि अभ्यासात ती नको.

हेडफोनबद्दल. आवाज कापणारे महागडे हेडफोन पंखा, विमान, बसचं इंजिन अशा सलग खालच्या आवाजाला उत्तम. मागाच्या तुटक ठोक्यांना ते तितके पुरे पडत नाहीत. नवी पेठेतल्या दुकानात मला हे विक्रेत्यानेच सांगितलं, आणि साधा, तारवाला, कान पूर्ण झाकणारा हेडफोन दाखवला. तो घ्या. चार्जिंगची कटकट नाही आणि गादीच बराचसा आवाज अडवते. एप्रिल-मेमध्ये, पारा बेचाळीसच्या वर गेला की रेक्झिनच्या गादीखाली घामाची धार लागते. आईने टॉवेलच्या तुकड्याच्या खोळी शिवून दिल्या आहेत, दोन जोड, एक धुवायला टाकला की दुसरा. सोलापुरात टॉवेलचा तुकडा मिळायला अडचण नाही, आणि हा उपाय खरंच चालतो.

गड्ड्याच्या दिवसांबद्दल विचाराल तर तेव्हाची गोष्ट वेगळी. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली, हलगी वाजायला लागली की कुठलाही तंबोरा पुरत नाही आणि पुरवूही नये. आम्ही पुस्तक मिटून बघायला जातो. पेपर जवळ असतो हे खरं, म्हणून त्या दिवसांची उजळणी मी आधीच पहाटेवर टाकते, तेव्हा माग बंद आणि रस्ताही रिकामा असतो. पहाटे मला काहीच लावावं लागत नाही.

शेवटी आवाज किती ठेवायचा. मागाला हरवायला जाल तर कान गमावून बसाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकलं तर चालतं, आणि त्यावर दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ ला २० तास. अभ्यास करणाऱ्याचे आठवड्याचे तास ४० च्या पुढे सहज जातात. म्हणून मी माग ऐकू येईल इतकाच आवाज ठेवते, पण त्याची धार जाईल एवढा. तपासायची माझी पद्धत सोपी आहे: हेडफोन लावून बसायचं आणि स्वयंपाकघरातून आईला नेहमीच्या आवाजात हाक मारायला सांगायची. ऐकू आली तर ठीक. नाही आली तर आवाज दोन घरं खाली.